जूनमधली केतकी

दुसऱ्या फेरीलाच अर्पिता सुरवसे धापा टाकत खाली बसली. बाकीच्या मुली केव्हाच पुढे निघून गेल्या होत्या. औसेकर बाई पाण्याची बाटली घेऊन तिच्याकडे गेल्या आणि तिच्या दंडाकडे बघून जागच्या जागी थबकल्या. दंडावरची पट्टी हिरवीगार झाली होती. बाईंच्या टॅबवर आकडा आला होता, ब्याण्णव.

"बाई, माझी पट्टी बिघडली वाटतं," अर्पिता म्हणाली. "मी तर शेवटची."

"शेवटचीसुद्धा नाहीस, मध्येच बसलीस," बाई हसल्या. "पण पट्टी बिघडलेली नाही गं. आज या मैदानावर सगळ्यांत जास्त कष्ट तू केलेस. तुझ्या अंगात जेवढं होतं ते जवळजवळ सगळं तू काढून दिलंस."

अर्पिताने दंड वळवून पट्टीकडे पाहिलं. पाचवीपासून पीटीच्या तासाला पोटात दुखतंय म्हणून झाडाखाली बसणारी ही मुलगी. तिने पाणी प्यायलं, तोंड पुसलं आणि विचारलं, "अजून एक फेरी मारू?"

त्या दिवशी बाई घरी गेल्या त्या जवळजवळ पळतच.

मंदाकिनी औसेकर उमरग्याच्या शारदा कन्या प्रशालेत कैक वर्षं शारीरिक शिक्षण शिकवत होत्या. आवाज इतका हळू, की मैदानाच्या पलीकडल्या मुलीला नुसतं 'थांब' म्हणायचं तरी शिट्टी लागे. नोकरीच्या पहिल्या वर्षापासून एकच प्रश्न त्यांना छळत आला होता. खेळाचे गुण द्यायचे कशावर? जी उंच ती लांब उडी मारणारच. जिच्या घरी दूधदुभतं ती पळणारच. मग गुण मुलीचे, की तिच्या आईवडिलांनी दिलेल्या हाडांचे? कुठल्या शाळेत बूट पांढरे असले की 'अ' श्रेणी, कुठे मैदानावर फक्की मारायला मदत केली की 'अ' श्रेणी. बहुतेक ठिकाणी सगळ्यांनाच 'अ', कारण खेळात कुणी नापास करतं का? आणि दहावीचा पीटीचा तास तर गणिताचे सर "जरा पोर्शन राहिलाय, बाई" म्हणून मागून नेत, तो उसनवारीच्या साखरेसारखा परत येतच नसे.

आता दिवस पालटले होते. गणित, भूगोल, व्याकरण मुली घरीच यंत्रगुरूकडून शिकत. तो न रागावता शंभरदा समजावून सांगे. शाळेत यायचं ते प्रयोगासाठी, गाण्यासाठी आणि मैदानासाठी. म्हणून दहावीला खेळाचे गुण गणिताच्या बरोबरीला आले आणि पीटीच्या शिक्षकांना एकाएकी पालक वाकून नमस्कार करू लागले. ते सुखाचं होतं, पण गुण कशावर द्यायचे हा प्रश्न त्यामुळे आणखी टोचू लागला.

त्याचं उत्तर घेऊन डॉ. मेघना निंबर्गी धाराशिवला आल्या होत्या. सोलापूरच्या एका प्रयोगशाळेतल्या या शास्त्रज्ञ बाई बोलण्याच्या भरात हातातला खडू मोडत. जिल्ह्यातले सगळे पीटीचे शिक्षक समोर बसले होते.

"ही श्रमपट्टी तीन गोष्टी ऐकते," त्या म्हणाल्या. "पहिली, हृदयाचे ठोके. दुसरी, स्नायू आवळताना त्यातून जी बारीकशी वीज वाहते ती. तिसरी, घाम. दमायला लागलं की अंगात एक आम्ल साठतं, त्याचा अंश घामात उतरतो. आधी आठवडाभर पट्टी नुसती शिकते, की या मुलीचं शरीर जास्तीत जास्त किती देऊ शकतं. दर पंधरवड्याला ते ती नव्यानं शिकते, कारण वाढत्या वयात शरीर बदलतं. मग खेळताना त्यातलं किती दिलं, ते शंभरात सांगते. हा प्रयत्नांक. उंची नाही, वेग नाही, जिंकणं-हरणं नाही. फक्त कष्ट."

मागच्या रांगेतून हमीद तांबोळी सर उठले. उमरग्याच्याच मुलांच्या शाळेतले, निवृत्तीला आलेले, जिल्ह्यातल्या निम्म्या पंचांचे गुरू. "मॅडम, म्हणजे आता आमच्या डोळ्यांचं काय करायचं? दान करून टाकू?"

सभागृह हसलं.

"डोळ्यांना वेग दिसतो, सर," डॉक्टर म्हणाल्या. "कष्ट दिसत नाहीत."

"वा! पोरगं घाम गाळतंय की पाणी शिंपडून आलंय, एवढं कळतं बरं का आम्हाला."

सभेत कधी तोंड न उघडणाऱ्या औसेकर बाई त्या दिवशी उभ्या राहिल्या. चाचणीसाठी पट्ट्या आधी त्यांच्याच शाळेत आल्या होत्या. त्यांनी अर्पिताची हकिगत सांगितली, आवाज न चढवता, आणि शेवटी म्हणाल्या, "आपल्याला कष्ट दिसत असते ना सर, तर ही मुलगी इतकी वर्षं झाडाखाली बसली नसती."

तांबोळी सर खाली बसले. हात वर झाले, मत पडलं. त्या वर्षीपासून जिल्ह्यात खेळाचे गुण म्हणजे प्रयत्नांक असं ठरलं. डिसेंबरात संघांच्या सामन्यात अंतिम मूल्यमापन, आणि प्रत्येक आकड्याला दोन शिक्षकांची मान्यता. बस्स.

बाईंची मुलगी केतकी त्याच शाळेत दहावीत होती आणि खो-खो संघाची कर्णधार होती. वडील पुण्याला नोकरीला, महिन्यातून एकदा येत. शाळेत आईला 'बाई' म्हणायचं आणि घरी 'आई', हा शिरस्ता तिने पहिल्या दिवसापासून पाळला होता. तिच्या मनात एकच गोष्ट होती, सह्याद्री क्रीडा निकेतन. तिथे प्रवेश मिळाला की राज्याचे प्रशिक्षक, राज्याचा संघ, पुढे सगळं आकाश. तिथली अट मात्र सोपी आणि कडक होती. अंतिम प्रयत्नांक सत्तरच्या वर हवा.

जूनमध्ये केतकीचा आकडा होता अठ्ठ्याहत्तर. जुलैत तो साठावर आला. ऑगस्टअखेर पन्नासच्या खाली.

"आई, मी आळशी झालेय का?" एका संध्याकाळी गवार मोडता मोडता तिने विचारलं.

"शाळेतलं शाळेत विचारावं."

"शाळेत विचारलं तर बाई म्हणाल्या, घरी बोलू."

बाईंना हसू आलं. मुलगी रोज पहाटे उठून मैदानावर जात होती. पूर्वी खांबाला वळसा घालताना घसरायची, आता वाऱ्यासारखी फिरत होती. आणि पट्टी दिवसेंदिवस तांबडी होत चालली होती.

गणपती उठले त्याच्या दुसऱ्या आठवड्यात बाई सकाळी मैदानावर आल्या तर मैदान रिकामं. सगळा संघ लिंबाखाली मांडी घालून बसलेला. कुणी केस विंचरतंय, कुणी भेळ खातंय.

"काय गं, बरं नाही का कुणाला?"

"बाई, आम्ही व्रत घेतलंय," अर्पिता म्हणाली. जूनपासून रोज पळून ती आता संघात आली होती.

"कसलं व्रत?"

"न पळण्याचं."

मुली खुसखुसल्या. मग एकेक नियम बाहेर आला. जिना चढायचा नाही. शाळेत रिक्षानं यायचं. दोरीवरच्या उड्या वर्ज्य. घरात पाण्याचा हंडा भावानं उचलायचा. उद्यापन थेट मूल्यमापनाच्या दिवशी मैदानावर.

"कहाणीसुद्धा आहे बाई! सांगू?" अर्पिताने हात जोडून डोळे मिटले. "आटपाट नगर होतं. तिथे एक कर्णधार होती. ती रोज पहाटे पळायची. एके दिवशी पट्टीमाता कोपली, तांबडीलाल झाली. कर्णधार शरण गेली, म्हणाली, आई, माझं काय चुकलं? पट्टीमाता म्हणाली, तू फार सराव केलास. आता बैस. कर्णधार पंधरा दिवस बसली. पट्टीमाता प्रसन्न झाली, हिरवीगार झाली..."

हसून हसून मुली एकमेकींच्या अंगावर पडल्या. बाईही हसल्या असत्या. चातुर्मासाचे नेम करणाऱ्या बाईला त्यातली खोच बरोबर कळली होती. पण त्यांनी विचारलं, "कहाणी रचली कुणी?"

सगळ्यांनी केतकीकडे पाहिलं.

"खोटं काही नाही त्यात, बाई," केतकी उभी राहून म्हणाली. "गणपतीपासून मी खरंच पंधरा दिवस बसले. आकडा चौऱ्याहत्तर झाला. सराव केला की खेळ सोपा होतो. सोपा झाला की पट्टी म्हणते, तू काही केलंच नाहीस. म्हणून सराव बंद. आम्हाला गुण हवेत, आणि मला निकेतन हवंय."

मुलीचं गणित चोख होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्या देवापुढे गोपद्मं काढायला बसल्या. चातुर्मासभर रोज गाईच्या पावलांची रांगोळी काढायची, हा त्यांचा नेम. आषाढात पहिल्या दिवशी एकेक पाऊल काढताना बोटं थरथरली होती, रेघ तुटली होती, पाठीला रग लागली होती. आता एक कान गॅसवरच्या दुधाकडे होता आणि चिमटीतून पावलामागून पाऊल आपसूक उतरत होतं. बाईंचा हात मध्येच थांबला. या वेळी पट्टी बांधली असती तर ती म्हणाली असती, ही बाई काहीच करत नाही. मग ते कष्ट गेले कुठे? ते आषाढात दिले होते, श्रावणात दिले होते. आज त्यांचं फळ जमिनीवर उमटत होतं.

दूध उतू गेलं. त्या उठल्या नाहीत. आधी त्यांनी डॉक्टरांना फोन लावला.

बाईंना सोलापूरला न्यायला तांबोळी सर आपली विजेवरची गाडी घेऊन आले. "मी सांगितलं होतं," एवढं एक वाक्य त्यांनी उमरग्यापासून सोलापूरपर्यंत कसंबसं दाबून ठेवलं.

"पट्टी खोटं बोलत नाही, बाई," प्रयोगशाळेत सगळं ऐकून घेतल्यावर डॉ. निंबर्गी म्हणाल्या. त्यांचा चेहरा पडला होता. "आज अंगात जेवढी ताकद आहे त्यातली आज किती वापरली, हेच आपण तिला विचारलंय."

"खोटं कुठे म्हणते मी? ती आजचं सांगते. कालचं तिला माहीत नाही."

"दर पंधरवड्याला आम्ही तिला नवं शिकवतो ना. ताकद वाढली की मोजायचं माप पण वाढतं. म्हणून तेच काम केलं तर आकडा खाली."

"जुनं पुसून टाकता?"

"नाही, साठवलेलं असतं."

"म्हणजे जूनमधली केतकी अजून तुमच्यापाशी आहे?"

डॉक्टरांनी फळ्यापाशी जाऊन खडू उचलला.

"मग असं करा ना," बाई आपल्या नेहमीच्या हळू आवाजात म्हणाल्या, जणू शेजारणीला विरजण मागत होत्या. "केतकीचा ऑगस्टमधला खेळ घ्या आणि जूनमधल्या केतकीच्या अंगावर घाला. तिला तो झेपला असता का, ते बघा."

कटकन खडू मोडला. डॉक्टर खुर्ची ढकलून यंत्रापाशी गेल्या. पडद्यावर दोन रेषा उमटल्या. खालची निळी रेषा म्हणजे जूनमधल्या शरीराची मर्यादा. वरची तांबडी म्हणजे ऑगस्टमधला खेळ. तांबडी रेषा निळीला ओलांडून वर गेली, आणि वरच राहिली.

"अहो, एकशे अठरा!" डॉक्टर ओरडल्या. "शंभराच्या वर! जूनमधल्या केतकीला हे शक्यच नव्हतं. जे शक्य नव्हतं ते तिने शक्य करून घेतलं, हाच तर खरा..." पुढचं त्या बोलल्याच नाहीत, भराभर दुसऱ्या मुलींची नावं घालू लागल्या. तांबोळी सर चष्मा पुसून पडद्याजवळ गेले. "मॅडम, हे यंत्र जरा बरं वाटायला लागलंय मला," ते म्हणाले.

पण आनंदात एक काटा निघाला. केतकी पंधरा दिवस बसली तशी तिची वाढ तिथेच थांबली होती, आणि आता तर सगळा संघ बसून होता. एवढ्या तुटपुंज्या मोजणीवर शिक्षण खातं सूत्र बदलणार नव्हतं. डिसेंबरपर्यंत अख्ख्या संघाने मन लावून सराव करायला हवा होता आणि सगळ्यांदेखत सामना खेळायला हवा होता.

"तेव्हा नवं सूत्र सिद्ध होईल," डॉक्टर हळूच म्हणाल्या. "पण यंदाचे गुण जुन्याच सूत्रानं. जो संघ सराव करेल त्याचा आकडा यंदा पडणार."

"आणि त्या संघाची कर्णधार बाईंची लेक," तांबोळी सर म्हणाले.

परतताना नळदुर्ग मागे पडलं. मग सरांनीच विषय काढला. "बाई, मी काही बोललो नाही असं समजा. पण यंदा तुम्ही गप्प बसलात तर कुणाला कळणार नाही. पोरीचं होऊन जाईल. पुढच्या वर्षी दुसरा एखादा संघ करेल सराव."

"सर, तुम्ही रोजे धरता. घरात कुणी नसताना पाणी पिता का?"

सरांनी गाडीचा वेग कमी केला. "तुमच्याशी भांडायची सोय नाही," ते म्हणाले. "आवाज न चढवता मारता तुम्ही."

बाईंनी मुलींना लिंबाखालीच बसवलं आणि सगळं सांगितलं. रेषा दाखवल्या. या वर्षी काय जाईल, तेही लपवलं नाही. "मी हुकूम करत नाही. ज्यांना बसायचंय त्यांनी बसा, माझा राग नाही. पण तुमच्यानंतर येणाऱ्या मुलींना मैदानावर पळायचं की लिंबाखाली बसायचं, हे तुमच्यावर आहे."

केतकी उठून उभी राहिली. "हे बाई म्हणून सांगताय की आई म्हणून?"

"बाई म्हणून. आई म्हणून हे सांगायची माझी इच्छा नाही."

केतकी दप्तर उचलून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी पहाटे पहिली आली अर्पिता. मग दोघी, मग आणखी तिघी. आठवड्याभरात केतकी सोडून सगळा संघ आला. केतकी शाळेत बाईंना टाळत असे, घरी आईशी कामापुरतं बोले. जेवताना ताटात बघून जेवे. बाईंनी तिला एका शब्दाने डिवचलं नाही. फक्त देवापुढे बसल्या की डोळे मिटायला वेळ लागू लागला.

औसेकरांचं घर मैदानाच्या भिंतीला लागून. पहाटे मुलींचे आवाज थेट केतकीच्या खिडकीत येत. "खो!" मग धप्प. "अगं, माझ्या अंगावर काय पडतेस!" पुन्हा "खो!" पुन्हा कुणीतरी घसरलेलं. संघाची लय तुटली होती. खो द्यायला उशीर होत होता, उठणारी चुकीच्या बाजूला वळत होती. असं चार-पाच दिवस चाललं. मग एका पहाटे बाई मैदानात उभ्या असताना भिंतीवरून आवाज आला.

"अर्पिता! खांद्यावरून मागे का बघतेस? मागे नाही बघायचं! पावलं ऐक! ती कशी येतेय ते पाठीला कळायला हवं!"

भिंतीवर केतकी बसली होती, केस पिंजारलेले, घरातल्याच कपड्यांत.

"तू सांगू नकोस गं, तुझं व्रत आहे," अर्पिता खालून म्हणाली.

"मोडलं जा!" म्हणत केतकीने मैदानात उडी मारली. आईकडे तिने बघितलं नाही. चौकोनात जाऊन बसली आणि ओरडली, "चला, सुरू करा! कानात किडे गेले माझ्या तुमचा खेळ ऐकून."

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते कुणाला कळलं नाही. पहाटे धुक्यात खांब दिसत नसे, पण मुली तिथे वळत. डॉक्टर दर आठवड्याला सोलापूरहून येत, पट्ट्यांतली माहिती घेत आणि जाताना लहान मुलीसारख्या उड्या मारत जात. त्यांना एक नवंच दिसू लागलं होतं. पाठीवर खो पडण्याआधी क्षणभर बसलेल्या मुलीच्या मांडीतली वीज जागी होत होती. शरीर हलत नव्हतं, पण तयार होत होतं. आठ जणींच्या अंगात एकीचं धावणं आधीच पोचत होतं. केतकीला म्हणूनच कमी पळावं लागे. ती नेमक्या वेळी खो देऊन मोकळी होई. जुन्या मापाने तिचा आकडा चाळिशीवर येऊन ठेपला.

धाराशिवच्या मैदानावर अंतिम सामना तुळजापूरच्या संघाशी पडला. कडेला जिल्ह्यातले पीटीचे शिक्षक टॅब घेऊन बसलेले. मोठ्या फलकावर प्रत्येक मुलीचं नाव आणि शेजारी तिचा हलता आकडा. व्रताची बातमी एव्हाना जिल्हाभर पसरली होती. तुळजापूरच्या मुलींनीही ते पाळलं होतं, हे त्या मैदानात आल्या तेव्हाच कळलं. अंग जड, पण चेहरा प्रसन्न.

उमरग्याच्या मुली बसल्या आणि खेळ सुरू झाला. केतकी खांबाकडून सुटली. तुळजापूरची पहिली पळती हुलकावणी देऊन उजवीकडे सरकली, तोवर "खो!" आणि अर्पिता उठलेली. अर्पिता दोनच पावलं धावली, "खो!", तिसरीच उसळली. पळतीला समजेना की मागे नक्की कोण आहे. तिने मान वळवली आणि तेवढ्यात तिच्या खांद्याला बोटं लागली. बाद! दुसरी साखळी खेळत, बसलेल्या मुलींमधून नागमोडी पळत, सटकू पाहत होती. केतकी खांबापाशी पोचली, एका हाताने खांब धरून आडवी झाली, सूर मारला, आणि धुळीतून तिचा हात वर आला. बाद! प्रेक्षकांत बसलेली माणसं उभी राहिली. कुणीतरी डबा बडवू लागलं. नऊ जणी नव्हे, एकच काहीतरी लांबलचक, सळसळतं त्या मैदानातून फिरत होतं.

आणि फलक तांबडा होत होता. केतकी बेचाळीस. बाकीच्या पन्नाशीच्या आतबाहेर. पलीकडे तुळजापूरच्या मुली धडपडत, एकमेकींवर आदळत, बाद होत होत्या आणि त्यांच्या नावांपुढे हिरवं फुलत होतं. अठ्ठ्याऐंशी, एक्याण्णव.

"अहो, जिंकलं कोण?" एका पालकाने गोंधळून विचारलं.

सामना उमरग्याने मारला, तोही एक डाव राखून. मग मान्यतेची वेळ आली. प्रत्येक आकड्यावर आधी शाळेच्या शिक्षकाने, मग बाहेरच्या परीक्षकाने बोट ठेवायचं. केतकी औसेकर, बेचाळीस. मान्य की अमान्य?

बाईंनी बोट टॅबजवळ नेलं. अमान्य म्हणायला कारण होतं, आणि म्हणायची सोय नव्हती. आई होत्या त्या. कुणी म्हटलं असतं, बघा, स्वतःच्या लेकीचा आकडा पडला तेव्हा पट्टी खोटी झाली. जुन्या सूत्राने आकडा बरोबर होता. मैदानाच्या मधोमध केतकी घामाने निथळत उभी होती आणि सरळ आईकडे बघत होती. तिने मान किंचित हलवली. बाईंनी 'मान्य'वर बोट ठेवलं.

बाहेरचे परीक्षक होते तांबोळी सर. त्यांनी टॅब हातात घेतला, डोळ्यांजवळ धरला आणि 'अमान्य' दाबलं. यंत्राने मंजुळ आवाजात कारण विचारलं.

"कारण मी खेळ पाहिला," सर म्हणाले. मैदानभर ऐकू जाईल असं म्हणाले.

मग लोहाऱ्याच्या बाईंनी आपल्यासमोरचा आकडा अमान्य केला. भूमच्या सरांनी केला. तुळजापूरचे सर उठले. त्यांच्या मुलींना तर हिरवे आकडे मिळाले होते. "आमच्या पोरी गुणी आहेत," ते म्हणाले, "पण आज त्या वाईट खेळल्या, आणि आठवडेच्या आठवडे बसून होत्या. एक्याण्णव मला पचत नाहीत. अमान्य." एकामागून एक टॅब खाली ठेवले गेले. फलकावर सगळ्या नावांपुढे 'प्रलंबित' उमटलं.

डॉ. निंबर्गी एव्हाना फलकाच्या तारांशी झटत होत्या. "थांबा! दोन मिनिटं! हे बघा!" आणि फलक पुसला जाऊन नव्या रेषा आल्या. आजचा सामना, जूनमधल्या शरीरांवर. जूनमधली केतकी हा खेळ शेवटपर्यंत पेलू शकली नसती. एकशे एकेचाळीस. सगळ्यांत वर मात्र केतकीचं नाव नव्हतं. तिथे होतं अर्पिता सुरवसे, एकशे त्र्याहत्तर.

केतकीने किंकाळी फोडली आणि अर्पिताला गच्च मिठी मारली. दोघी धुळीत कोलमडल्या.

बाई डॉक्टरांपाशी गेल्या. "मग निकेतनचं?"

"आकडा नसेल तर त्यांना जुन्या पद्धतीनं बोलवावं लागतं. दोन दिवस तिथे राहायचं, त्यांचे प्रशिक्षक समोर बसून खेळ बघणार. घेतील की नाही, सांगता येत नाही, बाई. सूत्राचं मात्र खात्याला आज रात्रीच पाठवते."

बाईंनी ते केतकीला सांगितलं. "घेतीलच असं नाही," त्या म्हणाल्या.

"पण बघणार ना?" केतकीचे डोळे लकाकले. "डोळ्यांनी?"

"डोळ्यांनी."

"मग बघू देत!" ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच, चारचौघांत, शाळेच्या गणवेशात, तिने आईच्या गळ्यात हात टाकले.

तेवढ्यात मागून कुणीतरी खाकरलं. तुळजापूरची कर्णधार उभी होती, गुडघा खरचटलेला. "ए औसेकर, तुमची ती बसलेली पोरगी खो पडायच्या आधीच कशी काय उठते? फाउल कसा नाही होत?"

"आधी नाही उठत. आधी तयार होते."

"म्हणजे कसं?"

"बस इथे. सांगते."

पट्ट्या खोक्यात भरल्या जात होत्या. बसचा ड्रायव्हर दोनदा हॉर्न वाजवून कंटाळला आणि खाली उतरून काठाला येऊन बसला. केतकीने दोन्ही संघांच्या मुली एक सोडून एक अशा चौकोनांत बसवल्या. तुळजापूरची कर्णधार तिच्या पुढ्यात होती.

"डोळे मिट. माझी पावलं ऐक. कुठून येतेय ते पाठीला कळू दे." केतकी मागे गेली आणि धावत आली. "खो!"

मुलगी दचकून उठली, अडखळली, हसली.

"उशीर झाला," केतकी म्हणाली. "बस. परत."